जमिनींत मुरलेलें तेल

दृष्टीआड सृष्टि ही म्हण जमिनींत पुरलेल्या इंधनाच्या टांक्यांना जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. पोलादाची टांकी ओलसर मातींत वर्षानुवर्षें गंजत राहते, तिला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडतें, आणि थेंब थेंब गळणारें पेट्रोल कोणाच्या ध्यानींमनीं नसतां खालीं मुरत जातें. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यामुळें तें भूजलावर तरंगतें खरें. परंतु त्यांतील बेन्झीन हें द्रव्य थोडेंबहुत पाण्यांत विरघळतें व त्या पाण्याबरोबर वाहत जाऊन दूरच्या विहिरी गांठतें. बेन्झीनमुळें रक्ताचा कर्करोग उद्भवतो हें सिद्ध झालेलें आहे. म्हणून हा प्रश्न केवळ वाया गेलेल्या इंधनाचा नसून माणसांच्या जिवाचा आहे.

अशा मातीचें करावयाचें काय? ती खणून दुसरीकडे नेणें हा पहिला उपाय. जमिनींतील हवा ओढून घेऊन तिच्याबरोबर इंधनाची वाफ बाहेर काढणें हा दुसरा. तिसरा उपाय मात्र मातीनेंच सुचविलेला आहे, आणि त्या दृष्टीनें अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना संस्थानांतील हॅनहन या लहानशा शहराची हकीकत बोधप्रद आहे.

१९७५ सालीं तेथील लष्करी इंधनकोठारांतून विमानांचें सुमारें ८०,००० गॅलन इंधन गळालें. तातडीनें बंदोबस्त झाला. पण रेताड जमिनींत जें मुरावयाचें तें मुरलेंच. १९८५ पर्यंत दूषित पाणी जवळच्या वस्तीपर्यंत येऊन पोंचलें. सारी माती उपसणें व्यवहारांत अशक्य होतें, आणि नुसतें पाणी उपसून रोगाचें मूळ तसेंच राहणार होतें. तेव्हां अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें त्या मातीचीच परीक्षा केली. तींत मूळचेच राहणारे सूक्ष्म जंतू हीं विषारी द्रव्यें खाऊन त्यांचें कार्बन डायऑक्साइड वायूंत रूपांतर करीत असल्याचें आढळलें. पोषक द्रव्यें मिळाल्यास त्यांच्या कामाचा वेग पुष्कळ वाढतो, हेंही दिसून आलें. १९९२ पासून तशीं द्रव्यें जमिनींत सोडण्यांत आलीं व दूषित पाणी विहिरींतून उपसण्यांत येऊं लागलें. १९९३ अखेर वस्तीच्या भागांतील दूषितता ७५ टक्क्यांनीं घटली. पोषक द्रव्यें जेथें सोडलीं होतीं, त्याच्या निकट तर एक अब्ज भाग पाण्यांत ५,००० भागांहून अधिक असलेलें टोल्युइन शोधूनही सांपडेना.

याचा अर्थ असा नव्हे कीं, जंतूंवर हवाला ठेवून निश्चिंत असावें. गळतीपासून या यशापर्यंत अठरा वर्षें लोटलीं होतीं. १९८४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें भूमिगत टांक्यांसंबंधीं कायदा केला, आणि पुढें जुन्या टांक्या गंजरोधक करण्यास, बदलण्यास किंवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ ची मुदत ठरली. टांकींत ओतलेलें, विकलेलें आणि उरलेलें इंधन यांचा रोजच्या रोज ताळा पाहणें हा साधा पण मोलाचा उपाय आहे. जो थेंब आज हिशेबांत सांपडत नाहीं, तो उद्यां कोणाच्या तरी घागरींत सांपडतो.