गायरानाला कुंपण

३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेब स्वामित्वशुल्काविना जगाच्या स्वाधीन केले. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या या गायरानाला आज भांडवलदार कुंपण घालीत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने शोधयंत्रातील गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरविली; पण सप्टेंबर २०२५ मध्ये ‘क्रोम’ विकण्याची सक्ती करण्यास नकार दिला. म्हणजे केवळ न्यायालयावर विसंबून भागणार नाही.

भारतात फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ने फुकटाच्या नावाखाली गरिबाला निवडक संकेतस्थळांत कोंडू पाहिले, तेव्हा लाखो नागरिकांनी हरकती नोंदविल्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने भेदभावी दरांवर बंदी घातली. कुंपण आपोआप कोसळत नसते; संघटित जनताच ते उपटून काढते.