आडवाटेवरचा एकटा स्वार

मोटारसायकलीला अजूनही फटफटी म्हणणारी माणसे खेड्यापाड्यांत भेटतात. त्या शब्दात तिच्या आवाजाबरोबर तिच्याविषयीचा थोडासा संशयही ऐकू येतो. ज्याचा पाय घरात ठरत नाही त्याचे हे वाहन, असा जुन्या माणसांचा समज असतो. त्यामुळे सैरभैर झालेले मन ताळ्यावर आणण्यासाठी घरातील कोणी नेमका याच वाहनावर बसून एकटा दूर निघाला, म्हणजे घरच्यांना मोठेच कोडे पडते. आई विचारते, “कोणाकडे जायचं आहे रे?” तो म्हणतो, “कोणाकडेच नाही.” “मग काम काय आहे?” “काम काही नाही. उद्या संध्याकाळपर्यंत परत येतो.” यावर आई गप्प राहते, पण तिचे समाधान झालेले नसते.

असा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. वय चाळिशीपलीकडचे, नोकरी गोंदियाच्या एखाद्या कचेरीत. घरात कोणाचे तरी दुखणे रेंगाळले आहे, भावाभावांत जमिनीची वाटणी अडली आहे, आणि एक निर्णय असा आहे की तो आज घ्यावा तर पश्चात्तापाची भीती आणि उद्यावर टाकावा तर झोप नाही. तेच ते विचार घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात. अशा माणसाला मित्र सांगतात, “चार दिवस कुठे तरी जाऊन ये.” परंतु कुठे तरी जायचे म्हटले की तिकिटे आली, सोबत आली, आणि सोबतीबरोबर बोलणे आले. त्याला नेमके बोलणेच नको असते. म्हणून फाल्गुन सरता सरता एका पहाटे तो चाकांतली हवा पाहतो, साखळीला तेल देतो, आणि बालाघाटची वाट धरतो.

मराठी श्रोत्यांना बालाघाट म्हटले की मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. हे बालाघाट निराळे; मध्य प्रदेशातला, गोंदियाला लागून असलेला हा जिल्हा. नावाचा अर्थ घाटावरचा प्रदेश असा आहे आणि गंमत अशी की, त्या नावाचे शहर मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या काठी वसले आहे. त्याचे जुने नाव बुऱ्हा. जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून बनला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत याही जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. राज्य-पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट पलीकडे राहिला. माणसे मात्र नकाशाप्रमाणे वेगळी झाली नाहीत. बाघ नदीचा पूल ओलांडला की पाट्या हिंदी होतात, पण चहाच्या टपरीवर पोवारी, मराठी आणि हिंदी यांचे तेच ओळखीचे मिश्रण कानी पडते. गोंदियाहून बालाघाट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या; या दिवसांत बहुतेक रिकाम्या, खुंटांनी भरलेल्या. इतक्या प्रवासात स्वाराचे मन काही हलके होत नाही. वाट सपाट व सरळ असते आणि सरळ वाटेवर काळजी निवांतपणे मागच्या बैठकीवर बसून येते.

खरा फरक पडतो तो बालाघाटच्या पुढे. शहरालगत भरवेलीची मँगनीजची खाण आहे. वर पठारावर उकव्याची. घाट लागला की खनिज वाहणाऱ्या मालमोटारी वळणावळणाला भेटतात. आता डावा हात क्लचवर, उजवा पुढच्या ब्रेकवर, डावा पाय गिअरवर, उजवा मागच्या ब्रेकवर. वळणाच्या आधी वेग कमी करावयाचा, वळणात ब्रेक दाबावयाचा नाही, आणि दृष्टी खड्ड्याकडे न ठेवता जेथे जावयाचे तेथे ठेवावयाची. कारण दोन चाकांच्या वाहनाचा चमत्कार असा की, स्वार जेथे पाहतो तेथेच ते जाते. खड्ड्याकडे एकटक पाहणारा खड्ड्यातच पडतो. या खटाटोपात जमिनीच्या वाटणीला जागा कोठून उरणार? अर्ध्या तासाने त्याच्या ध्यानात येते की, इतका वेळ आपण कसलाच विचार केला नाही.

याची शास्त्रीय चिकित्साही झाली आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी पन्नासाहून अधिक अनुभवी स्वारांची तपासणी केली. वीस मिनिटांच्या फेरीनंतर मनावरील ताणाची खूण समजल्या जाणाऱ्या शरीरद्रव्यांच्या प्रमाणात २८ टक्के घट आढळली. मात्र त्या संशोधनाचा खर्च मोटारसायकली बनविणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीने दिला होता, हे विसरता कामा नये. हलवायाने मिठाईचे गुण सांगावे तसे ते थोडेसे झाले. त्याहून अधिक विश्वासार्ह वाटते ते स्टीफन आणि रेचल कॅप्लन या दांपत्याचे म्हणणे. १९८९ साली त्यांनी मांडले की, हट्टाने एकाग्र केलेले लक्ष थकते. आणि झाडे, पाणी, ढग यांसारख्या, लक्ष सहज वेधणाऱ्या पण त्यावर जुलूम न करणाऱ्या गोष्टींत त्याला विसावा मिळतो. आता घाटातील वळण हा काही विसावा नव्हे, तेथे लक्ष कामालाच जुंपलेले असते. घाट फक्त जुना विचार हुसकून लावतो. विसावा त्याच्या पुढे, पठारावर, इंजिन बंद केल्यावर मिळतो. वेगालाच औषध समजणारे पुष्कळ जण येथे चुकतात.

या चुकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टी. ई. लॉरेन्स याचे आहे. अरबांच्या बंडातून परतलेला हा माणूस आपल्या कीर्तीला आणि आपल्या मनाला इतका कंटाळला की, नाव बदलून साधा सैनिक म्हणून विमानदलात राहिला. त्यातील काही काळ तर कराचीत आणि वायव्य सरहद्दीवरील मिरामशाहला. त्याचा विरंगुळा म्हणजे एकट्याने, भरधाव मोटारसायकल हाकणे. एकाच कंपनीच्या सात गाड्या त्याने वापरल्या. नोकरीतून मोकळा झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच, १३ मे १९३५ रोजी, घराजवळच्या रोजच्या रस्त्यावर, सायकलीवरील दोन मुलांना चुकविताना तो पडला. डोक्यावर काही नव्हते. सहाव्या दिवशी, शेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे युद्धकाळात निरोप पोहोचविणाऱ्या लष्करी स्वारांच्या डोक्यांच्या जखमा त्यांनी तपासल्या, १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सिद्ध करणारा लेख लिहिला, आणि ब्रिटिश लष्करात ते सक्तीचे झाले. आपल्या डोक्यावरील आजच्या हेल्मेटमागे, एका अर्थी, लॉरेन्सचे उघडे डोके आहे.

आपल्याकडचे आकडे ऐकले म्हणजे ही कथा परदेशातली राहत नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले ५०,०२९. आणि त्यांतही चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले. मन मोकळे करावयास निघालेल्या माणसाने हे मनात ठेवावेच लागते. कारण ज्याचे मन आधीच घरी अडकले आहे, त्याचीच नजर रस्त्यावरून सर्वांत लवकर उडते. अशा माणसाने घाट चढण्यापूर्वी बालाघाटात तासभर थांबावे, पोटभर खावे, हे साऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा अधिक उपयोगाचे.

उकव्यापुढे आपला स्वार मोठा रस्ता सोडतो. घाटाखाली साग आणि बांबू होते. आता सालवृक्षांचे राज्य सुरू होते. सागाची पाने गळून गेलेली असताना साल नव्या पालवीने आणि फिकट मोहोराने भरलेला असतो. गावरस्ता पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला. २००० सालच्या अखेरीस ती योजना सुरू झाली, आणि पावसाळ्यात चार-चार महिने तुटणारी गावे बारमाही जोडली जाऊ लागली. डांबर जेमतेम पावणेचार मीटर रुंद. समोरून ट्रॅक्टर आला की कोणी तरी खाली मुरमावर उतरलेच पाहिजे, आणि ते दुचाकीवाल्याने उतरावे हे ओघानेच येते. येथे ‘हा रस्ता माझा’ ही भावना टिकत नाही. मोहाचे दिवस आहेत. पहाटे गळलेली फुले बैगा आणि गोंड बाया-पोरे टोपल्यांत वेचून आणतात आणि कधी कधी रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळलेला असतो. त्याचा धूर वळणावर अचानक आडवा येतो. शेळ्या रस्त्याच्या मधोमध बसतात. शहरातल्या माणसाला जी आडवाट वाटते, ते कोणाचे तरी अंगण असते.

या अंगणाने वाईट दिवसही पाहिले आहेत. या जिल्ह्याच्या रानांत अनेक वर्षे माओवाद्यांचा वावर होता. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे तेव्हाचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या स्वतःच्या गावी हत्या झाली. त्या काळात अनोळखी फटफटीचा आवाज ऐकून या पाड्यांवरच्या माणसांच्या छातीत धस्स होत असेल तर नवल नाही. एकांत शोधणाऱ्या प्रवाशाला याची कल्पना असलेली बरी. निदान तो पाड्यातून जाताना वेग कमी करील.

दुपारी एका ओढ्याच्या पुलावर तो गाडी थांबवितो. इंजिन बंद होते, तरी काही क्षण हातांना त्याची थरथर जाणवतच राहते. मग ती ओसरते आणि सालवनाची शांतता ऐकू येऊ लागते. येथे एक मौज आहे. घाटाखालचे पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, पुढे गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. बैहरच्या पठारावरील पाणी बंजर नदीतून कान्हाच्या रानाजवळून नर्मदेला मिळते आणि पश्चिम समुद्राकडे वळते. सकाळपासूनच्या वाटेत कोठे तरी ही पाणलोटाची सीमा ओलांडली गेलेली असते. तेथे ना पाटी, ना चौथरा. घरचा निर्णय अजून झालेला नाही. विचार परत आले आहेत. फक्त आता ते एकामागून एक येतात, सगळे एकदम येत नाहीत.

परतताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारा हात दाखवितो. खांद्यावर पोते. “आगे तक छोड़ दोगे क्या?” आता आली पंचाईत. हेल्मेट एकच, आणि कायदा दोघांनाही ते घालावयास सांगतो. पण ऊन चढले आहे, तासभरात दुसरे वाहन फिरकलेले नाही, आणि मागची बैठक तर सकाळपासून रिकामीच आहे. या भागात फटफटीवर तिघे दिसतात; एकटा माणूस आणि रिकामी बैठक ही उधळपट्टीच वाटत असावी. स्वार क्षणभर घुटमळतो, मग बसवून घेतो. नियमाच्या दृष्टीने हे चुकलेच. तो ते जाणून पुढची चार-पाच किलोमीटर वीस-पंचवीसच्या वेगाने काढतो, आणि दिवसभरातील सर्वांत सावध गाडी तो याच वेळी चालवितो.

म्हातारा कानाशी विचारतो, “किसके यहाँ आए थे?”

तो थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणतो, “किसी के यहाँ नहीं. ऐसे ही.”

“अच्छा,” म्हातारा म्हणतो. त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. फाट्यावर तो उतरतो, पोते सावरतो आणि हाताने दाखवितो की, पुढच्या वळणावर गिट्टी पसरली आहे, तेथे उजवीकडून जा.