एअर-कूल्ड इंजिनाने श्वास कुठे सोडायचा?



एअर-कूल्ड गाड्यांबद्दल बोलायला लागलो की प्रश्न येतात ते पंख्याचे, फिन्सचे, कार्बोरेटरचे. क्रँककेसच्या ब्रीदरबद्दल सहसा कुणी विचारत नाही. आज फक्त तेवढाच विषय घेणार आहे. उदाहरण फोक्सवॅगन बीटलचं. इंजिन मागे, चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे. आपल्या देशात ही गाडी मोजक्याच लोकांकडे आहे, पण ज्यांच्याकडे आहे ते तिला घरच्या माणसासारखं जपतात.

भोपाळला माझ्या एका मित्राकडे अशी बीटल आहे. फ्लायव्हीलकडचं ऑइल सील गळतंय म्हणून गॅरेजमध्ये दोनदा इंजिन खाली उतरवलं, दोनदा नवं सील बसवलं. काही दिवसांत क्लच पुन्हा तेलकट. सील निर्दोष होतं. ब्रीदरचा रबरी पाइप वर्षानुवर्षं तेल पिऊन आतून फुगला होता आणि जवळजवळ बंद झाला होता. आत दाब कोंडला की तो वाट शोधतो, आणि सगळ्यात कमजोर जागा सीलची असते.

हा दाब येतो कुठून? रिंगा कितीही चांगल्या असू द्या, जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली निसटतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं क्रँककेसमध्ये उतरतं. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवलीत तर ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट साय धरते, ती याचीच. बीटलमध्ये तेल अवघं अडीच लिटर, आणि मूळ इंजिनाला कागदी फिल्टर नाही, नुसती तारेची जाळी. एवढ्याशा तेलात पाणी आणि पेट्रोल मुरलं तर बेअरिंगचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

याच इंजिनात पुलीकडच्या टोकाला रबरी सीलच नाही. आत तेल भिरकावणारी एक चकती आणि पुलीच्या दांड्यावर कोरलेले आटे, जे तेलाला आत परत ढकलतात. साधी, सुंदर युक्ती. पण आत दाब नसेल तोवरच ती चालते.

आता बीटलचं नशीब बघा. इंजिनाचे चार पिस्टन अशा जोड्यांनी चालतात की समोरासमोरची एक जोडी बाहेर जाते तेव्हा दुसरी जोडी आत येते. त्यामुळे क्रँककेसमधली एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. सित्रोएन २सीव्हीचं ६०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घ्या. तेही एअर-कूल्डच, पण त्यात दोन्ही पिस्टन एकदम आत येतात आणि एकदम बाहेर जातात. म्हणजे दर फेऱ्याला आतली जागा ६०२ सीसीने कमी-जास्त होणार, ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा. म्हणून तिथे एकतर्फी रबरी व्हॉल्व्ह लागतो, जो हवा बाहेर सोडतो पण आत येऊ देत नाही. आपल्या जुन्या बुलेटच्या ब्रीदरला बदकाच्या चोचीसारखं रबर असायचं, त्याचं कामही हेच. एका इंजिनाचा ब्रीदर दुसऱ्याला डोळे मिटून बसवायचा नसतो, तो यामुळे.

मग पर्याय कोणते?

सगळ्यात जुना पर्याय म्हणजे एक नळी खाली सोडून द्यायची. धावत्या गाडीखालची हवा नळीच्या तोंडाशी थोडी ओढ निर्माण करते आणि वायू रस्त्यावर जातो. गाडी सिग्नलला थांबली की ओढ संपली. शिवाय धूर सगळा लोकांच्या नाकात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने मोटारींवर प्रदूषणाचे पहिले नियम लावले, ते याच वायूवर.

पुढच्या बीटलमध्ये फिलरपासून एक पाइप थेट एअर क्लीनरला जोडला. वायू पुन्हा इंजिनात जातो, जळतो. एअर क्लीनरमध्ये ओढ अगदी हलकी असते, त्यामुळे तेल खेचलं जात नाही. रस्त्यावर चालणाऱ्या मूळ इंजिनाला यापेक्षा चांगलं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पोरं काय करतात? क्रोमचा छोटा एअर फिल्टर आणतात, त्याला पाइप जोडायला तोंड नसतं. मग फिलरवरच एक सुटा फिल्टर खोचून देतात. दिसतो छान. वॉटर-कूल्ड गाडीत हे एक वेळ खपून जाईल, इथे नाही. बीटलचा पंखा थंड करायची हवा इंजिनाच्याच खोलीतून ओढतो. तुम्ही तिथे तेलाची वाफ सोडली की ती पंख्यातून ऑइल कूलरवर आणि सिलिंडरच्या फिन्सवर जाऊन बसते. त्यावर आपल्याकडची धूळ. वर्षभरात फिन्सवर घोंगडं पांघरल्यासारखा थर होतो आणि इंजिन तापतं. हीटरची हवाही याच पंख्याची. म्हणजे दिल्लीच्या जानेवारीत हीटर लावलात की ब्लो-बाय मागच्या सीटवरच्या मुलांपर्यंत. त्यात कार्बन मोनॉक्साइड आहे हे मघाशी सांगितलंच.

काही जण ब्रीदर थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडतात, आधुनिक गाडीत असतं तसं. तिथे ओढ जबरदस्त असते, म्हणून मध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह हवाच, आणि कार्बोरेटर त्या जादा हवेच्या हिशेबाने जुळवायला हवा. नाहीतर मिश्रण पातळ होतं, आणि एअर-कूल्ड हेडला पातळ मिश्रणासारखा शत्रू नाही. दोन कार्बोरेटर असतील तर या वाटेला जाऊ नका.

मोठे सिलिंडर घातलेलं, दोन कार्बोरेटरचं इंजिन असेल तर कॅच टँक घ्या. आत तेल अडवणारे पत्रे असलेला. पाइप जाड, आणि टँककडे सतत चढता. मध्ये झोळ पडला की तिथे तेल साचतं आणि पाइप पुन्हा बंद. टँकचं तोंड पंख्याच्या ओढीपासून दूर काढा. टॅपेट कव्हरवरूनही पाइप काढतात, पण आडव्या इंजिनात जोरात वळण घेतलं की तेल त्या बाजूच्या कव्हरमध्ये धावतं आणि पाइपातून वर येतं. सायलेन्सरमधून ओढ घेणारी व्यवस्था रेससाठी ठीक. घरच्या गाडीवर वेळ घालवू नका.

हे सगळं विकत घेण्याआधी एक काम करा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा आणि तिचं एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा. इंजिन गरम करून सुरू ठेवा. दोन्हीकडचं पाणी जवळपास एका पातळीत राहिलं, किंवा इंजिनाकडे किंचित ओढलं गेलं, तर ब्रीदर ठीक आहे, गळतीचं कारण दुसरीकडे शोधा. पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जात असेल तर आधी तेलाची पातळी बघा, मग पाइप काढून फुंकून बघा, फिलरच्या तळाची तेल अडवणारी प्लेट बघा. तेही सगळं साफ असेल तर कॉम्प्रेशन तपासायला घ्या. रिंगा गेलेल्या असतील तर जगातला कुठलाही कॅच टँक त्या परत आणणार नाही.