गॅसचा टॉर्च घेताना



खरिपाचे दिवस जवळ आले की नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे गर्दी होते. कुणाचा फाळ झिजलेला, तर कुणाच्या ट्रॉलीची कडी तुटलेली. ही जाड लोखंडाची कामे विजेच्या वेल्डिंगने होतात आणि तशीच व्हावीत. पण पातळ पत्रा, फवारणीच्या पंपाची जुनी पितळी टाकी किंवा तडा गेलेले बीड हाती आले, की विजेचे काम फसते. पत्र्याला तर भोकच पडते. अशा जागी गॅसचा टॉर्च हवा. तो विकत घेताना काय पाहावे, एवढ्यापुरते आज बोलू.

दुकानात गिऱ्हाईक पहिल्याने विचारते, "केवढ्याला?" आणि मग, "ज्योत केवढी निघते?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे. आधी सांगायचे ते हे की आपला ॲसिटिलीन वायू येतो कुठून. तांबूस-तपकिरी सिलिंडरातून, की कार्बाइडवर पाणी सोडून चालणाऱ्या टाकीतून? (आंबे पिकवण्यात बदनाम झालेला, कायद्याने त्या कामी बंद केलेला, तोच हा कार्बाइड.) कमी दाबाच्या टाकीतला वायू अगदी मंद येतो. त्याला ओढून घेणारा टॉर्च लागतो. त्याच्या पोटात एक बारीक छिद्र असते. प्राणवायू त्यातून जोराने सुटतो आणि ॲसिटिलीनला आपल्यामागे खेचतो. डासांच्या औषधाच्या हातपंपात हवेचा झोत औषध वर ओढतो ना, तसेच. ह्याला इंजेक्टरचा टॉर्च म्हणतात.

दुसरा टॉर्च जादा दाबाचा. त्यात ओढण्याची सोय नाही. दोन्ही वायू आपापल्या दाबाने येऊन मिसळतात. हा टॉर्च फक्त सिलिंडरासाठी. तो कार्बाइडच्या टाकीला जोडला, तर जोराचा प्राणवायू उलट ॲसिटिलीनच्या नळीत शिरतो आणि त्यामागे ज्योत टाकीपर्यंत जाऊ शकते. तेव्हा चारदोनशे रुपये वाचले म्हणून भलताच टॉर्च उचलू नका. इंजेक्टरचा मात्र दोन्हीकडे चालतो.

कुणी म्हणेल, घरचा स्वयंपाकाचा गॅस लावला तर? एक तर घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. शिवाय त्या जातीच्या गॅसने लोखंड कापता येते, तापवता येते, पितळेने झाळता येते. पण पोलादाचा सांधा नीट वितळवून जोडणे त्याला जमत नाही. त्याची नोझलही वेगळी असतात.

आता नोझल. जितका पत्रा पातळ, तितके छिद्र लहान. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. ४५ मीटर व्यासाची तबकडी, आणि तिची जाळी अवघ्या ०.५५ मिलिमीटर तारेची! अशा तारेवर मोठी ज्योत धरली तर क्षणात थेंब होऊन गळेल. आपल्या गावच्या कामाला १ ते ३ मिलिमीटर जाडीची नोझल असली की पुष्कळ झाले. मोठ्या नोझलमध्ये गॅस कमी सोडून बारीक काम करू पाहिले, तर ज्योत फटफटते आणि आत शिरते. क्रमांक कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तक्ता मागून घ्या.

वाचलेले पैसे फ्लॅशबॅक अरेस्टरवर, म्हणजे मागे येणारी ज्योत अडवणाऱ्या तुकड्यावर, घालवा. दोन्ही नळ्यांना एकेक. ॲसिटिलीनची नळी तांबडी, तिच्या नटाला खाचा असतात आणि आटे उलटे फिरतात. प्राणवायूच्या आट्यांना तेल कदापि लावू नका. ॲसिटिलीनची नळी तांब्याच्या तुकड्याने जोडू नका. त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. त्याचा दाब १ किलोच्या वर चढवू नका.

शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करीत शिकण्याची वाट शाळांना दाखवली. आपल्या शाळेत असे काम काढाल, तर कार्बाइडची टाकी आवारात नकोच. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले. आणि रिकामा दिसणारा डिझेलचा पिंप मुलांच्या हाती कधी देऊ नका. आत राहिलेली वाफ पुरेशी असते. फवारणीच्या टाकीतले विष धुतल्याखेरीज तीही तापवू नये.

जुना इंजेक्टरचा टॉर्च मिळत असेल तर अशी पारख करा. ॲसिटिलीनची नळी काढून ठेवा. फक्त प्राणवायू जोडा आणि दोन्ही चाव्या उघडा. आता ॲसिटिलीनच्या रिकाम्या तोंडावर स्वच्छ अंगठा ठेवा, तेलकट नको. अंगठा आत ओढल्यासारखा वाटला तर इंजेक्टर शाबूत आहे. ओढ नसेल, किंवा उलट वारा बाहेर येत असेल, तर तो टॉर्च फुकट दिला तरी परत करा.