इंग्रजी व्याकरणातून मराठीकडे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आमच्या पिढीने इंग्रजी व्याकरण मराठीच्या आधाराने शिकले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने असंख्य मराठी घरांना हीच वाट दाखविली. सरकारी बदल्यांमुळे परप्रांती वाढलेली आपली मुले मात्र व्याकरण प्रथम इंग्रजीतून शिकतात. तेव्हा तीच वाट आता उलट दिशेने चालावी, असे आम्हांस वाटते.

'ऑन द ट्री' यात 'ऑन' नामाच्या आधी येते व 'ट्री' तसेच राहते. मराठीत 'वर' मागून लागते आणि 'झाड'चे 'झाडा' असे सामान्यरूप होते. हिंदी शेजारात वाढलेले मूल 'झाडवर' म्हणते; त्याला रागावण्यापेक्षा हा भेद दाखवावा.

'रामाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले.' इंग्रजीत सर्वत्र 'एट' हे एकच रूप. येथे मराठी क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, हे मुलांस सांगितले की कर्मणी प्रयोगाचे भय उरत नाही. उलट, 'तो काल आला आहे' हे मराठीत खपते, पण इंग्रजीत 'यस्टर्डे' आले की 'हॅज कम' चालत नाही, साधा भूतकाळच लागतो. अशा तुलनेने दोन्ही भाषा पक्क्या होतात.

सर्वांत मोलाचा भेद सर्वनामांत आहे. इंग्रजी 'वी' आणि हिंदी 'हम' यांवरून ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, ते कळत नाही. मराठीत ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', त्याला सामावून घेऊन 'आपण'. गुजरातीत 'अमे' व 'आपणे', तेलुगूत 'मेमु' व 'मनमु' असाच भेद आहे. म्हणजे शेजाऱ्यांच्या भाषाही येथे साहाय्याला येतात. आईला बरोबर नेणारे मूल तिलाच 'आम्ही बाजारात जाऊ' म्हणाले, तर 'मी येऊ नको का?' एवढेच तिने विचारावे. नियम तेथेच समजतो.

ज्या घरात 'आपण' हा शब्द मुलांच्या तोंडून जाईल, तेथे केवळ एक सर्वनाम गेले असे आम्ही मानणार नाही. म्हणून आमची विनंती अशी की, मंडळाने आठवड्यातून एक तास मुलांचा वर्ग चालवावा. मुलांनी शाळेचे इंग्रजी व्याकरण आणावे, वडीलधाऱ्यांनी मराठी वाक्ये द्यावीत. फळा आणि खडू यांहून अधिक खर्च नाही. या कामास आपण सर्वांनी हातभार लावावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.