आवाज तिचा, चेहराही तिचा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



१९९३ साली अमेरिकेत रेव्हन-सिमोने नावाच्या सात वर्षांच्या बालनटीचं एक गाणं आलं. ते गाणं लिहिण्यात विशीतल्या एका मुलीचा हात होता आणि मधला रॅपही तिनेच म्हटला होता. गाण्याचा व्हिडिओ निघाला तेव्हा पडद्यावर रॅप म्हणताना दिसली ती दुसरीच बाई, सडपातळ आणि तेव्हाच्या मोजमापात बसणारी. आवाज जिचा होता, तिला चित्रीकरणाला बोलावलंच नव्हतं. तिचं अंग भरलेलं होतं, रंग काळा होता. आवाज चालेल, चेहरा नको, असा तो हिशेब होता.

आपल्याला पार्श्वगायन परकं नाही. एकीने गायचं आणि दुसरीने ओठ हलवायचे, यावर आपला सिनेमा उभा आहे. तरीही १९४९ साली ‘महल’ची तबकडी आली तेव्हा ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यावर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलेलं होतं. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केल्यावर लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. आवाजाला स्वतःचं नाव मिळणं आपल्याकडेही सहज घडलेलं नाही. रॅपमध्ये तर पार्श्वगायनाची रीतच नाही. तिथे बोलणारा स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या नावाने बोलतो, हीच त्या कलेची अट आहे. म्हणून १९९३चा तो घाव जास्त खोल होता.

ही मुलगी म्हणजे मेलिसा एलियट, जगाला ठाऊक असलेली मिसी एलियट. आजचा माझा विषय तिचा पहिला अल्बम, १५ जुलै १९९७ रोजी आलेला ‘सुपा डुपा फ्लाय’, आणि लोकांनी तो कसा स्वीकारला, हा आहे. माझं म्हणणं असं की लोकांनी तो आधी डोळ्यांनी स्वीकारला. कानांनी ऐकायला त्यांना बराच वेळ लागला.

मिसीचा जन्म १९७१चा, व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथचा. शेजारी नॉरफोक, पलीकडे व्हर्जिनिया बीच. हा सगळा नौदलाचा आणि गोद्यांचा मुलूख. वडील मरीन दलात होते आणि घरात आईला मारहाण करत. मिसी चौदा वर्षांची असताना आई तिला घेऊन घराबाहेर पडली. तो सगळा काळ मिसी मनात गाणी रचत होती. पुढे मैत्रिणींचा एक गट जमवून तिने ‘जोडेसी’ या गाजलेल्या गटातल्या डिव्हँट स्विंगला गाऊन दाखवलं. त्याने गटाला आपल्या पंखाखाली घेतलं. गटाचं नाव ‘सिस्टा’ झालं आणि १९९४मध्ये अल्बमही तयार झाला, पण कंपनीने तो अडकवून ठेवला. लवकरच गट फुटला.

म्हणजे पहिला अल्बम म्हणून जो आपण ऐकतो, त्याच्या आधी एक अल्बम तयार होऊन थिजलेला होता, आणि एक आवाज दुसऱ्या चेहऱ्याला चिकटवला गेला होता. तेव्हा मिसीने ठरवलं होतं की आपण इतरांसाठी लिहायचं आणि पडद्यामागे राहायचं. नॉरफोकचा टिंबरलँड, म्हणजे टिमथी मोझली, हा तिचा जुना दोस्त बीट रचायचा आणि ती शब्द आणि चाली. १९९६ला गायिका आलियाचा ‘वन इन अ मिलियन’ हा अल्बम आला. त्यातली गाजलेली बरीच गाणी या जोडीची होती. शीर्षकगीताच्या तालात रातकिड्यांची किरकिर ऐकू येते. रेडिओवर तोवर असं काही नव्हतं. मग सगळ्या कंपन्या तिच्या दाराशी आल्या. इलेक्ट्रा या कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रोन यांनी मिसीला तिचं स्वतःचं लेबल दिलं, ‘गोल्डमाइंड’. मिसीला त्यावर दुसऱ्या कलावंतांना पुढे आणायचं होतं. तिने स्वतःचाही एक अल्बम करावा, ही गळ कंपनीची होती. जिला व्हिडिओतून वगळलं, तिलाच तीन-चार वर्षांत समोर ये म्हणून विनवावं लागलं.

आता थोडं अमेरिकेच्या दक्षिणेबद्दल, कारण व्हर्जिनिया तिथलीच. रॅप न्यूयॉर्कमध्ये जन्मला, मग कॅलिफोर्नियाने त्यावर हक्क सांगितला. अटलांटा, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स यांना दोन्हीकडचे लोक गावंढळ समजत. १९९५च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ‘सोर्स’ या रॅप पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या जोडीला पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. त्यावर त्यांच्यातल्या आंद्रे बेंजामिनने माइकवरून ठणकावलं की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. व्हर्जिनिया तर या दक्षिणेच्याही उत्तर काठावर, कुणाच्याच हिशेबात नसलेली. कदाचित म्हणूनच तिथल्या पोरांना कुणासारखं वाजवायचं हे ओझं नव्हतं.

१९९७चा उन्हाळा दुखवट्याचा होता. आदल्या सप्टेंबरात तुपाक, मार्चमध्ये नोटोरियस बी.आय.जी., दोघेही रॅपर, दोघेही गोळ्यांना बळी पडलेले. त्या उन्हाळ्यात सर्वत्र वाजत होतं ते रॅपर पफ डॅडीचं श्रद्धांजलीचं गाणं, ‘पोलीस’ या गटाच्या जुन्या लोकप्रिय धूनवर बसवलेलं. ओळखीची धून घ्यायची, तिच्यावर जड ढोल चढवायचा, ही तेव्हाची चाल होती. त्यात ‘सुपा डुपा फ्लाय’ आला. व्हर्जिनिया बीचच्या स्टुडिओत तो अवघ्या दोनेक आठवड्यांत ध्वनिमुद्रित झाला होता.

कानांना काय नवं होतं? टिंबरलँडचा ताल. मूळ लय संथ, पण हाय-हॅटची झांज दुगुनीत, कधी त्याहून द्रुत. पायाचा ढोल अडखळतो, एकदम तीन ठोके टाकतो आणि मग गप्प बसतो. आपल्याकडे खालीला जे मोल आहे, ते त्या गप्प बसण्याला आहे. ठोका अपेक्षित असतो तिथे तो पडत नाही आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप ती जागा भरून काढते. आणि मिसी? त्या मोकळ्या जागेत ती शब्द कोंबत नाही. दोन शब्द टाकते, हसते, तोंडाने गाडीचा आवाज काढते, गाता गाता बोलायला लागते. गायिका आणि रॅपर या दोन खात्यांमधली भिंत तिने इतक्या सहज ओलांडली की पुढच्या पिढीला तिथे भिंत होती हेही आठवत नाही.

‘द रेन’ हे अल्बमचं पहिलं मोठं गाणं. त्याच्या मुळाशी मेम्फिसच्या ॲन पीबल्सचं १९७३चं ‘आय कान्ट स्टँड द रेन’ आहे. ते हाय रेकॉर्ड्सचं, विली मिचेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं गाणं. त्याच्या सुरुवातीला विजेवरच्या टिंबाली या तालवाद्यातून पावसाच्या थेंबांचा आवाज काढला आहे. टिंबरलँडने ते थेंब आणि पीबल्सचा आवाज तसाच ठेवला. पीबल्स आठवणींनी झुरते. मिसीच्या गाण्यातली मुलगी मात्र तो आपल्याला सोडणार हे ओळखून आधीच त्याला सोडून देते. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका दक्षिणी बाईच्या दुःखाला दुसऱ्या दक्षिणी बाईने दिलेलं हे उत्तर आहे. पफ डॅडी जुनी धून उचलत होता तिच्या लोकप्रियतेसाठी. इथे जुन्या गाण्याशी बोलणं चाललं आहे. हा फरक त्या वेळच्या गाजावाजात फारसा कुणी सांगितला नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

कारण सगळ्यांचे डोळे ‘द रेन’च्या व्हिडिओवर खिळले होते. दिग्दर्शक हाइप विल्यम्सने माशाच्या डोळ्यासारख्या भिंगातून तो टिपला. जून अँब्रोज या वेशभूषाकार बाईंनी मिसीसाठी काळा, चकचकीत, हवा भरून फुगवायचा पोशाख केला. लोकांना तो कचऱ्याच्या पिशवीसारखा दिसला, आणि तेच नाव त्याला चिकटलं. मिसीने सांगितलं आहे की पेट्रोल पंपावर जाऊन त्यात हवा भरावी लागली आणि मग गाडीत मावेना म्हणून ती चालत परत आली. आदल्याच नोव्हेंबरात लिल किम आणि फॉक्सी ब्राउन यांचे पहिले अल्बम आले होते आणि स्त्री रॅपरने कसं दिसावं याचा साचा ठरत चालला होता. मिसीने त्या दोघींना नाकारलं नाही. किमला तर स्वतःच्या अल्बममध्ये बोलावलं. पण स्वतःचं शरीर तिने लपवलं नाही आणि विक्रीलाही काढलं नाही. ते आणखी मोठं केलं. जाडी म्हणून वगळलेल्या बाईने पडदाभर पसरून उभं राहणं, यासारखं १९९३ला दिलेलं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरला. पहिल्या आठवड्यात सुमारे १,२९,००० प्रती खपल्या. तोवर कुठल्याही स्त्री रॅपरच्या अल्बमची सुरुवात इतक्या वरून झाली नव्हती. पुढे दहा लाखांचा टप्पा पार झाला, ग्रॅमीसाठी सर्वोत्तम रॅप अल्बमच्या गटात नामांकन मिळालं. तो पुरस्कार पफ डॅडीच्या ‘नो वे आउट’ला गेला. १९९८ला स्त्री कलावंतांच्या ‘लिलिथ फेअर’ या दौऱ्यात, गिटारवाल्या गायिकांच्या गर्दीत, मिसीही होती.

एक तक्रार मात्र तेव्हाही होती, आजही कानावर येते. हिच्या शब्दांत आशय कुठे आहे? ही तर हसते, आवाज काढते, मैत्रिणींच्या गप्पा मारते. मला ही तक्रार मुळातच चुकीची वाटते. ठुमरीच्या दोन ओळी कागदावर मांडून त्यात आशय शोधणाऱ्याला ठुमरी कळली असं आपण म्हणणार नाही. मिसी शब्दाचं वजन पाहते, तो कुठे पडतो ते पाहते, आणि कुठे पडू द्यायचा नाही तेही पाहते. याच अल्बममधल्या ‘बीप मी ९११’मध्ये फसवणाऱ्या प्रियकराला जाब विचारणारी मुलगी आहे, तिचा राग शब्दांपेक्षा तिच्या थांबण्यातून कळतो. हे एका गीतकाराचं काम आहे, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी लिहून हात बसलेल्या बाईचं. एखाद्या नवशिक्याच्या पहिल्या अल्बममध्ये हे सापडत नाही.

पुढे २००१ला या जोडीने ‘गेट युअर फ्रीक ऑन’मध्ये पंजाबी तुंबी वाजवली आणि आपल्याकडची पोरंही तिच्याकडे वळली. त्या तुंबीभोवतीही तीच मोकळी जागा आहे. २०२२ला पोर्ट्समथने एका रस्त्याला तिचं नाव दिलं. २०२३ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली स्त्री रॅपर. पण मला सर्वांत योग्य वाटतो तो २०१९चा मान. गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये स्त्री रॅपरला पहिल्यांदा जागा मिळाली, ती तिला. पोशाख पाहून भुललेल्या जगाने तिचं लिहिणं मान्य करायला बावीस वर्षं घेतली.

आता आपण दोन ध्वनिमुद्रणं ऐकू, आधी पीबल्सचं आणि लगेच मिसीचं. व्हिडिओ मुद्दामच लावत नाही. दोन्हींत सुरुवातीला टिंबालीचे थेंब आहेत. दुसऱ्यात पीबल्सचा आवाज येतो तेव्हा मिसी कुठे बोलते आणि कुठे तिला बोलू देते, तेवढं कान देऊन ऐका.