घरबसल्या शिकलेला कॅमेरा



युनियनचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई नाहीतर नव्या कामगार कायद्यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. मी आज कॅमेऱ्यावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी, ‘हा छंद झाला, याला व्याख्यान कसे म्हणायचे?’ अशी शंका काढली. शंका वाजवी होती. तिचे उत्तर भाषणातच द्यावे, असे मी ठरवले.

गेल्या वर्षी चार महिने मी डिजिटल छायाचित्रणाचा एक वर्ग केला. तो इंटरनेटवरचा. गुरुजी एका शहरात, विद्यार्थी निरनिराळ्या गावांत, आणि पडद्यावर प्रत्येकाचा चेहरा टपालाच्या तिकिटाएवढा. एक निवृत्त बँक कारकून होते, दोघी गृहिणी होत्या, बाकी सारी कॉलेजातली मुले. शाळा मी लवकर सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रात्री, उसन्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे समोर मास्तर नसताना शिकण्याचे मला नवल नव्हते.

पण शिकायचे कशासाठी? आमच्याकडे यंत्रमागाचे कामगार तक्रारी घेऊन येतात. मागाच्या फिरत्या पट्ट्याला जाळी नाही, चक्रे उघडी आहेत. अशा भागांना कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिले होते. गोष्ट काही नवी नाही. तपासणीच्या दिवशी जाळी बसते आणि दुसऱ्या दिवशी निघते. कामगार खिशातल्या फोनवर फोटो काढून आणतात. असा एक फोटो पाहून एका अधिकाऱ्याने आम्हाला विचारले होते, ‘यात अंधाराखेरीज काय दिसते?’ प्रश्न उद्धट होता, पण फोटोत खरोखरच अंधार होता.

फोनचा कॅमेरा लग्नमांडवात उत्तम चालतो. शेडमध्ये तो गोंधळतो, कारण त्याच्या वतीने निर्णय घेणारे यंत्र शेडसाठी बनवलेले नाही. तो निर्णय आपल्या हाती घेणे, एवढाच त्या चार महिन्यांचा अभ्यासक्रम होता म्हणा ना.

उजेड आत घेण्याचे तीन उपाय असतात. भिंगाचे छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आणि आतल्या संवेदकाकडून आलेला संकेत किती वाढवायचा, ज्याला आयएसओ म्हणतात. छिद्राचा आकडा मोठा तर छिद्र लहान, हे ऐकून वर्गातली मुले भांबावली. वास्तविक तो छेदातला आकडा आहे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दोनाने भागले तर पंचवीस मिलिमीटरचे छिद्र, आठाने भागले तर सव्वासहाचे. अर्ध्यापेक्षा पाव लहान, हे ज्याला कळते त्याला यात काही अवघड नाही.

पडद्याच्या वेळेपाशी मात्र मी फार रेंगाळलो. चालू मागाचा फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात काढा. धोटा हवेत थिजल्यासारखा येतो, पट्ट्यावरचा टाका न् टाका दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की माग बंद आहे. मालकाचा वकील तेच म्हणेल! आता तोच फोटो सेकंदाच्या पंधराव्या भागात काढा. पट्टा धूसर होतो, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर उभा असलेला कामगाराचा हात, तो स्थिर असेल तर, स्पष्ट राहतो. फोटोतली धूसरता म्हणजे दोष, असे मी तोवर समजत होतो. इथे ती साक्ष देते. एवढा वेळ कॅमेरा हलू न देण्यासाठी खांबाला पाठ टेकून श्वास सोडता सोडता कळ दाबावी लागते, आणि हे पडद्यावरच्या गुरुजींना शिकवता येत नाही; त्यांना आमचे कोपर कुठे दिसते?

दुसरी अडचण दिव्यांची. आपल्या विजेची दिशा सेकंदात पन्नास वेळा फिरून येते, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदात शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण पडदा फार झटकन मिटला तर फोटोत काळे पट्टे पडतात, किंवा एक फोटो उजळ आणि दुसरा मळकट येतो. पन्नासावा किंवा शंभरावा भाग घेतला की हा त्रास टळतो. अमेरिकी पुस्तकांत अशा वेळी साठावा भाग सांगतात, कारण तिकडची वीज साठ फेऱ्यांची आहे. पुस्तक कुठल्या गावच्या विजेवर लिहिले आहे तेही पाहावे लागते.

आणि तिसरी गोष्ट सरासरीची. कॅमेऱ्यातला उजेडमापक असे धरून चालतो की समोरचे सारे जग सरासरीने करड्या रंगाचे आहे. सूतगिरणीत पांढऱ्या कापसाच्या ढिगापुढे तो उजेड कमी करतो आणि कापूस मळका दिसतो. फौंड्रीत काजळलेल्या भिंतींपुढे तो उजेड वाढवतो. भिंती करड्या होतात आणि ओतला जाणारा रस नुसता पांढरा डाग होऊन बसतो. वेतनाच्या वाटाघाटीत सरासरीने काय काय झाकले जाते हे आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. इथे निदान तिला दुरुस्त करायला एक चाक दिले आहे: कापसाला एक-दीड टप्पा वाढवा, फौंड्रीला तेवढाच उतरवा.

फिल्मच्या काळात हे शिकणे महाग होते. एका रिळात छत्तीस फोटो, धुऊन यायला दिवस, आणि कोणता फोटो कोणत्या आकड्यावर काढला याची वही वेगळी. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा त्याच्या फोटोत दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आता प्रत्येक फोटोच्या पोटात वेळ, छिद्र, पडदा सारे आपोआप लिहिले जाते. शनिवारी गुरुजी आमचे फोटो सर्वांपुढे उघडीत आणि आकडेही उघडीत. तिथे थापेला जागा नव्हती. (या सोयीपायी फिल्मचा धंदा गेला. १९६० साली उटीला सरकारने काढलेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स आज बंद आहे. ‘इंदू’ फिल्म करणाऱ्या त्या कामगारांची आठवण वर्गात कोणी काढली नाही. मी काढली.)

मात्र पोटात लिहिलेली ही माहिती दुधारी आहे. फोनमध्ये स्थळाची नोंद चालू असेल तर फोटोबरोबर जागाही जाते, आणि फोटो घेणाऱ्याची नोकरीही जाऊ शकते. उलट, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळते आणि चित्रही दाबले जाते. न्यायालयात तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठा म्हणा, द्यावा लागतो. म्हणून मूळ फाइल जपायची, पुसायची नाही, आणि वाटायची ती वेगळी प्रत.

या कामातला आमचा पूर्वज लुईस हाइन. १९०८ पासून त्याने अमेरिकेतल्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. कधी बायबल विकणारा, कधी आगीचा तपासनीस अशा सोंगाने तो आत शिरे. कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची मापी आणि खिशातल्या खिशात टिपणे लिही. मुलाचे वय, पाळी, मजुरी, सारे फोटोखाली येई. १९१६ साली कायदा झाला, १९१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला, आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. फोटोने काम होते का, असे मला विचारणाऱ्यांना मी ही तीन सालेच सांगतो.

हल्ली आमच्या कचेरीत रविवारी सहा कामगार एका जुन्या कॅमेऱ्यावर शिकतात. पहिला नियम हा, की ज्याचा फोटो त्याला आधी विचारायचे, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत. दुसरा नियम, फोटोखाली मजुरी लिहायची. परवा एका पोराने कांड्या भरणाऱ्या आपल्या आईच्या हातांचा फोटो आणला. खिडकीचा उजेड डावीकडून, पन्नासावा भाग, चाती धूसर, बोटे स्वच्छ. त्याने विचारले तेव्हा आई म्हणाली होती, ‘माझा फोटो कशाला? मशीन तर चालू आहे.’ खाली त्याने किलोमागे मिळणारी तिची मजुरी लिहिली होती. तो आकडा बाकीच्या पाचांपैकी कोणालाच ठाऊक नव्हता, आणि त्यांतल्या तिघांच्या घरी बायका कांड्याच भरतात.